समुद्रातलं प्लास्टिक उचलायचं कोणी? सारखे विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी मुंबईतल्या एका चौपाटीवर आम्ही पंधरा-वीसजण गोण्या घेऊन उतरतो आणि दर वेळी कोणीतरी नवीन माणूस हातमोजे चढवता चढवता विचारतो, अहो पण हे काम सरकारचं नाही का? आहे ना. पण कोणत्या खात्याचं ते सांगायला बसलं की चहा दोनदा मागवावा लागतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक मुंबई-कोकणातली आहेत कारण तेवढंच जवळून बघितलंय.

१. समुद्रातल्या प्लास्टिकसाठी एक खातं, एक साहेब असं काही आहे का?

नाही. समजा कुर्ल्यात कोणीतरी वेफर्सचं पाकीट रस्त्यावर टाकलं. रस्त्यावर असेपर्यंत ते महापालिकेच्या घनकचरा विभागाचं. पावसाने नाल्यात गेलं की त्याच महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या विभागाचं, तिथून मिठी नदीत गेलं की कोणत्या टप्प्यात आहे त्यावर ठरणार (प्रश्न ५ बघा). माहीमच्या खाडीत तिवरांच्या मुळांत अडकलं तर वनखात्याचा कांदळवन कक्ष, किनाऱ्यावर लागलं तर परत घनकचरा विभाग पण जमिनीचा मालक वेगळा, कोळ्याच्या डोलीच्या जाळ्यात आलं तर मत्स्यव्यवसाय विभाग. आणि पाकीट ज्या कंपनीचं तिचा हिशोब दिल्लीत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. पाकीट तेच आहे, फक्त शंभर-दोनशे मीटर सरकलं की त्याचा मालक बदलतो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

२. मग केंद्र सरकार नेमकं काय करतं?

नियम पर्यावरण मंत्रालय करतं, कंपन्यांची नोंदणी केंद्रीय मंडळ बघतं. शहरांच्या कचऱ्याचा पैसा स्वच्छ भारतमधून नगरविकासवाले देतात. किनाऱ्यावर काय काय सापडतं याची शास्त्रीय मोजणी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखालची चेन्नईची संस्था करते. जहाजांवर नौवहन महासंचालनालय, ते तर आपल्या मुंबईतच आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस असतो, त्याची देशभरची जुळवाजुळव कोस्ट गार्ड करतं.

सगळे एकत्र दिसले ते २०२२ मध्ये, ५ जुलै ते १७ सप्टेंबर अशी ७५ दिवसांची, ७५ किनाऱ्यांची ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ मोहीम झाली तेव्हा. शाळा, एनसीसी, कोस्ट गार्ड, महापालिका सगळे एका फोटोत. मी त्या मोहिमेला नावं ठेवणार नाही, त्या दिवशी आम्ही मागितल्या तेवढ्या गाड्या मिळाल्या. पण पुढच्या रविवारी गाडीसाठी परत तेच फोन.

३. किनाऱ्यावरचा कचरा उचलणं तरी नक्की कोणाकडे?

शहरात महापालिका किंवा नगरपरिषद, गावात ग्रामपंचायत. यात वाद नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतीलाही यात आणलं, आधीचे नियम शहरांपुरतेच होते.

घोळ मालकीत आहे. किनाऱ्याची जमीन साधारणपणे महसूल खात्याची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची. जेट्टी, लहान बंदरं आणि पाण्याला लागून असलेला पट्टा यात महाराष्ट्र सागरी मंडळ येतं, ज्याला सगळे मेरीटाईम बोर्डच म्हणतात. मुंबई पोर्टची हद्द आणखी वेगळी. ससून डॉकचं बघा ना, जागा पोर्टची, बोटींचं लायसन मत्स्यव्यवसायचं, गेटच्या बाहेरचा रस्ता महापालिकेचा. तिथे थर्माकोलचा फुटका बॉक्स पाण्यात पडला तर तो कोणाचा हे विचारायला जाऊ नका, तोपर्यंत तो भाऊच्या धक्क्याला पोचलेला असतो.

गावात उलटं दुखणं आहे. मालकीवरून भांडायला कोणी नाही पण पैसाच नाही. राज्याला जुन्या मोजणीप्रमाणे जवळजवळ ७२० किलोमीटर किनारा, पालघर ते सिंधुदुर्ग सात जिल्हे, आणि त्यातला मोठा भाग अशा ग्रामपंचायतींकडे आहे ज्यांच्याकडे एक घंटागाडी आणि एक माणूस. तिथे वाहून आलेला कचरा गावाचा नसतोच, तरी उचलायचा गावाने.

४. किनारा रोज साफ करतात तरी दुसऱ्या दिवशी तसाच कसा? काम करतात की नुसती बिलं काढतात?

काम करतात, पहाटे सहाला जाऊन बघा. पण किनारा हे शेवटचं स्टेशन आहे, गाडी आधीच भरून आलेली असते. अडवायचं तर नाल्याच्या तोंडाशी. म्हणून मुंबईत काही नाल्यांच्या मुखाशी तरंगते अडसर लावलेत, ट्रॅश बूम म्हणतात त्यांना. पाणी खालून जातं, बाटल्या-पिशव्या वर अडकतात, मग मशीनने किंवा माणसांनी काढायच्या.

आता गंमत बघा, बूम लावतो पर्जन्य जलवाहिन्या विभाग आणि त्यातून निघालेला कचरा न्यायचा घनकचरा विभागाने. बूम भरला आणि डंपर वेळेत आला नाही तर पहिल्या जोरदार सरीत सगळं वरून उडी मारून समुद्रात. जोरात पाऊस आणि ओहोटी एकत्र आली तर नाल्याची ओढ एवढी असते की बूमच वाकडा होतो. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर जेवढी माणसं लावतात त्यातली थोडी नाल्याच्या तोंडाशी लावली तर जास्त फरक पडेल, कारण तिथे प्लास्टिक निदान वाळूत मिसळलेलं नसतं. आणि किनाऱ्याचं कंत्राट वजनावर असेल तर वाळू पण वजन भरतेच की, हे सांगायला नको.

५. मिठी नदीसाठी तर वेगळं प्राधिकरण आहे ना, तरी असं का?

आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण झालं. पण ते झालं पूर येऊ नये म्हणून, प्लास्टिकसाठी नाही. नदी साधारण १७.८४ किलोमीटरची, त्यातले ११.८४ महापालिकेकडे आणि ६ एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशी वाटणी झाली. रुंदीकरण, भिंती, गाळ हे मुख्य काम. गाळाबरोबर प्लास्टिकही निघतं ते वेगळं, पण पावसाळ्याआधी नालेसफाई झाली की काम झालं असं धरतात आणि प्लास्टिक तर बारा महिने वाहतं.

६. तेल सांडलं की कोस्ट गार्ड लगेच धावतं, प्लास्टिकला का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. तेलासाठी १९९६ पासून राष्ट्रीय आपत्ती योजना आहे आणि तिच्यात स्पष्ट लिहिलंय की समुद्रात समन्वय कोस्ट गार्ड करणार, बंदरात बंदरवाले, किनाऱ्यावर राज्य सरकार, किती टन सांडलं की कोणती पातळी. अधूनमधून सराव पण होतो. म्हणजे फोन कोणी उचलायचा हे आधीच ठरलेलं आहे.

रोजच्या प्लास्टिकसाठी असं काही नाही, कारण ते सांडत नाही, झिरपतं. अमुक तारखेला अमुक जहाजातून पडलं असं दाखवता येत नाही, मग दोषी कोण आणि खर्च कोणाचा? समित्या आहेत, २०१६ च्या नियमांत राज्य पातळीवरची सल्लागार समिती आहे, नंतर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली विशेष कृती दल करायला सांगितलं गेलं. पण त्यांचा भर पिशव्या, कारखाने, दंड यावर, म्हणजे जमिनीवर. भरतीच्या रेषेपलीकडे गेलेल्या प्लास्टिकचा कोणी एक मालक त्यात नाही. जहाजच बुडालं तर मात्र गोष्ट बदलते, त्यासाठी प्रश्न १२.

७. प्लास्टिकबंदी आहे ना? मग चौपाटीवर सगळ्यात जास्त वेफर्स-बिस्किटांची पाकिटंच का?

कारण त्यांच्यावर बंदी नाहीये! लोकांना हे सांगितलं की खोटं वाटतं. आपल्या राज्याची बंदी २३ मार्च २०१८ ची, दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. देशाची बंदी १ जुलै २०२२ पासून, त्यात स्ट्रॉ, काटे-चमचे, कप-प्लेटा, कानकाडीच्या आणि फुग्याच्या काड्या, मिठाईच्या बॉक्सवरचं आवरण, सजावटीचं थर्माकोल अशा वस्तू. पिशवीची जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून कमीत कमी १२० मायक्रॉन हवी.

चकचकीत पाकीट म्हणजे प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकत्र चिकटवलेले. २०१६ च्या नियमांत असं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं लिहिलं होतं, मग २०१८ च्या दुरुस्तीत शब्द बदलले. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यातून ऊर्जा मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोग नाही तेवढंच बंद. आता भट्टीत जाळून ऊर्जा तर जवळपास कशातूनही मिळते, त्यामुळे पाकीट सुटलं. त्याची जबाबदारी कंपनीवर टाकली, पुढचा प्रश्न बघा.

८. कंपन्यांनी आपलं प्लास्टिक परत घ्यायचं असतं म्हणे. मग किनाऱ्यावरून उचललेलं त्यांना का देत नाही?

उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, सगळे ईपीआर म्हणतात. फेब्रुवारी २०२२ च्या नियमावलीने प्लास्टिकचे कडक, लवचिक, बहुस्तरीय आणि विघटनशील असे चार गट केले आणि कंपनीला दरवर्षीचं टार्गेट दिलं. पण कंपनीने स्वतःचंच पाकीट उचलायचं असं नाही, कोणाचंही तेवढ्या वजनाचं त्याच गटातलं प्लास्टिक अधिकृत प्रक्रियादाराकडे गेलं आणि प्रमाणपत्र मिळालं की झालं.

मग ती साहजिकच कोरडं, स्वच्छ, एका जागी मिळणारं प्लास्टिक घेते. आपलं म्हणजे ओलं, खारट, वाळूने भरलेलं, वर शेवाळ. भंगारवाला बाटल्या तेवढ्या निवडून घेतो, बाकीच्याकडे बघत पण नाही. सिमेंटच्या भट्टीवाले मिठामुळे कुरकुरतात, क्लोराईड त्यांना नको असतं. म्हणून शेवटी बरंचसं जातं डंपिंगला. वाईट वाटतं पण असंच आहे.

९. जहाजंच टाकत असतील सगळं, आपण उगाच स्वतःला दोष देतो?

काही टाकत असतील, पण गोणी उपडी करून बघा, मराठी-हिंदी लेबलं किती आणि परदेशी किती ते. जहाजांना नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पाचव्या परिशिष्टाप्रमाणे समुद्रात कुठेही कोणतंही प्लास्टिक टाकायला मनाई आहे, हे १९८८ च्या शेवटापासून लागू आहे. कचरा नोंदवही आधी ४०० टनांवरच्या जहाजांना लागायची, १ मे २०२४ पासून १०० टनांवरच्यांना पण. बंदराने कचरा उतरवून घ्यायची सोय ठेवायची. आणि १ जानेवारी २०२० पासून आपल्या नौवहन महासंचालनालयाने भारतीय जहाजांवर एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तू बंद केल्या.

प्लास्टिक टाकायची मनाई लहान मासेमारी बोटींनाही आहे, पण त्यांना नोंदवही लागत नाही.

१०. मच्छीमारांच्या जाळ्यात एवढं प्लास्टिक येतं, ते किनाऱ्यावर आणून द्यायला सांगत का नाहीत?

सांगायला काय जातंय, आणलेलं घेणार कोण ते आधी ठरवा. डोलीची जाळी प्रवाहात लावून ठेवलेली असते, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी बोंबलाबरोबर पिशव्या पण भरतात. एका कोळीवाड्यातल्या काकांनी मला एक पाटी दाखवली होती, वर चार बोंबील, खाली सगळा चिंधड्यांचा लगदा. म्हणाले, “निवडायला बायका लावतो, मासळीपेक्षा निवडायची मजुरी जास्त.” आणि निवडलेलं जेट्टीवर टाकलं तर सफाईवाला म्हणतो हा समुद्राचा कचरा, आमचा नाही.

हे केरळने २०१७ मध्ये सोडवून दाखवलं, कोल्लमजवळ नींडकरा बंदरात. ‘शुचित्व सागरम्’ नाव. बोटींना पिशव्या दिल्या, खलाशी जाळ्यातलं प्लास्टिक त्यात भरून आणायचे, बंदरावर मच्छीमार कुटुंबांतल्या बायका ते धुऊन निवडायच्या, मग श्रेडरमध्ये तुकडे आणि ते तुकडे रस्त्याच्या डांबरात. मत्स्यव्यवसाय, बंदर अभियांत्रिकी, केरळ सरकारचं स्वच्छतेचं शुचित्व मिशन, बोटमालकांची संघटना असे सगळे होते, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाच्या हातातून पुढच्याच्या हातात काय जाणार ते ठरलेलं होतं. आपल्याकडे प्रत्येक बंदरावर असंच चालेल असं नाही, पण सुरुवात म्हणून जेट्टीवर एक पिंजरा, एक वजनकाटा आणि ‘हे आम्ही नेणार’ असं लिहून देणारं एक खातं एवढं पुरे.

११. जाळ्यात कासव अडकलं तर? जाळं कापलं की नुकसान आमचं.

कापा आणि भरपाई मागा. डिसेंबर २०१८ पासून राज्यात योजना आहे, कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असे संरक्षित जीव सोडवताना जाळं फाटलं तर २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून चालवतात. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो, तेवढा मोबाईल काढायला विसरू नका.

टाकून दिलेलं जुनं जाळं किनाऱ्यावर दिसलं तर ओढून फाडू नका, अर्धं वाळूत गाडलेलं असतं आणि त्यात जिवंत काही असू शकतं. जखमी कासव दिसलं तर पाण्यात ढकलू नका, वनखात्याच्या १९२६ वर फोन.

१२. जहाज बुडून कंटेनर किनाऱ्याला लागले तर आम्ही उचलायचे का?

अजिबात नाही. हात लावू नका, दोनशे मीटर लांब राहा आणि पोलीस नाहीतर कोस्ट गार्डला (१५५४) कळवा.

ताजं उदाहरण एमएससी एल्सा ३ चं. २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं, वर ६४० कंटेनर, काहींत कॅल्शियम कार्बाईड, जे पाण्याशी आलं की पेट घेणारा वायू सोडतं. आणि काहींत प्लास्टिकचे दाणे, साबुदाण्याएवढे पांढरे, ज्यापासून पुढे सगळ्या वस्तू बनतात. ते तिरुवनंतपुरमच्या वाळूत पसरले. साबुदाणा वाळूतून वेचून दाखवा, मग कळेल काय काम आहे. पण बघा, इथे मात्र सगळी यंत्रणा लगेच हलली. कोस्ट गार्डने नौदलाच्या मदतीने २४ ही खलाशी वाचवले आणि तेलावर लक्ष ठेवलं, नौवहन महासंचालनालयाने मालकाला नोटिसा दिल्या, राज्य सरकारने राज्य आपत्ती जाहीर केली, आणि पुढे हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा. कारण जहाजाला नाव होतं, मालक होता, विमा होता. प्रश्न ६ मध्ये म्हटलं ते हेच.

मुंबईकरांना ऑगस्ट २०१० आठवत असेल, एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ची टक्कर, कंटेनर तरंगतायत आणि बंदर काही दिवस ठप्प.

१३. तिवरांमध्ये शिरून साफ केलं तर चालेल?

विचारून. सरकारी जमिनीवरची कांदळवनं २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वन म्हणून धरली जातात, २०१८ च्या निकालात तर तोडणं-भरणी पूर्ण बंद आणि भोवती ५० मीटरचा पट्टा. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे जिच्यात महसूल, वन, पोलीस, महापालिका सगळे बसतात. वेगवेगळी खाती एका टेबलाशी यावीत म्हणून कोर्टाला सांगावं लागलं, पण बसतात तरी. कांदळवन कक्षाची परवानगी सहसा मिळते, त्यांचा माणूस बरोबर येतो, कोणत्या मुळांवर पाय द्यायचा नाही ते सांगतो.

१४. गावातला किनारा मोठा आहे, जेसीबी लावून एका दिवसात साफ करू का?

नको. वाळूबरोबर किनाऱ्याची चढणच निघून जाते आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, वाळू हलवणं वेगळाच गुन्हा. शिवाय थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कोकणात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वेळासला लोक बघायला जातात ती, घरटं वाळूत दीड फूट खाली असतं आणि वरून काही दिसत नाही. पंजे, टोपल्या आणि माणसं, एवढंच.

१५. सुया, सलाईनच्या नळ्या सापडल्या तर गोणीत टाकायच्या?

वेगळ्या, जाड प्लास्टिकच्या बरणीत, आणि मुकादमाला दाखवून द्यायच्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम वेगळे आहेत आणि ते बघतं प्रदूषण नियंत्रण मंडळ. हातमोजे दोन जोड घाला. लहान मुलांना या कामाला लावू नका.

१६. आम्ही स्वच्छता मोहीम घेतोय, कोणाला सांगायचं?

वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाला आठवडाभर आधी लेखी. गाडी किती वाजता, *नेमकी कुठे* आणि वाळूवरून रस्त्यापर्यंत गोण्या कोण आणणार, हे तिन्ही लिहून घ्या.

का सांगतो तर ऐका. एका रविवारी पौर्णिमा होती. आम्ही सकाळी सहाला ओहोटीत उतरलो, ४२ गोण्या भरल्या, दहाची गाडी. गाडी आली पण ड्रायव्हर म्हणाला मला रस्त्यावरचं उचलायची ऑर्डर आहे, वाळूवरचं दुसऱ्या कंत्राटदाराचं. मग फोनाफोनी, दोन कार्यालयं, दोघंही सभ्यपणे एकमेकांचा नंबर देतायत. पौर्णिमेची भरती मुंबईत साधारण दुपारी बारा-साडेबाराला, आणि उधाणाची. आम्ही धावत धावत जेवढ्या वर ओढल्या तेवढ्या ओढल्या, शेवटी मोजल्या तर सतरा. बाकीच्या पंचवीस गाठ मारलेल्या तशाच, पाण्यावर डुलत गेल्या. तेव्हापासून भरतीची वेळ पत्रातच लिहितो.

१७. पावसाळ्यात मरीन ड्राईव्हवर लाटा कचरा परत फेकतात, तो कुठून येतो?

आपलाच. नैऋत्य मोसमी वाऱ्यात सगळा ढकल किनाऱ्याकडे असतो, त्यामुळे खाडीत-समुद्रात तरंगत असलेलं परत येतं. साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, आपत्कालीन विभागाकडे पूर्ण यादी असते. ती यादी घनकचरा विभागाच्या गाड्यांच्या वेळापत्रकाशी जोडली की भरती उतरल्यावर तासाभरात उचलता येईल, नाहीतर पुढची भरती घेऊन जाते.

१८. आंतरराष्ट्रीय करार होणार होता त्याचं काय झालं?

मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत ठरलं की प्लास्टिकवर बंधनकारक करार करायचा. २०२४ च्या शेवटी बुसानला जमलं नाही, ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हात पण नाही. अडलंय ते प्लास्टिकचं उत्पादनच कमी करायचं की नुसता कचरा सांभाळायचा यावर.

१९. तक्रार केली तर “आमच्या हद्दीत नाही” म्हणतात, मग काय करायचं?

मुंबईत १९१६ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोटोत मागे ओळखू येईल असं काहीतरी घ्या, पूल, मंदिर, नाल्याचा नंबर. वेळ लिहा आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी ते पण, कारण हद्द बऱ्याचदा त्यावरच ठरते. “आमचं नाही” म्हणाले तर भांडू नका, कोणाचं आहे ते लेखी मागा, आणि ते पत्र जोडून दुसऱ्या कार्यालयात द्या. त्यांनीही नाही म्हटलं तर दोन्ही पत्रं एकत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. कारखान्याचा कचरा असेल तर प्रदूषण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, आणि कुठेच काही झालं नाही तर पुण्याचं हरित लवादाचं खंडपीठ, पण तिथे कागद चोख लागतात, म्हणून पहिल्या फोनपासून सगळं जपून ठेवा.